चिकू रंगाची पट्टी

गाडी मी घेतली तेव्हा बाहेरून ती छान होती आणि आतून हात लावायची सोय नव्हती. हजीऱ्याला ज्या कारखान्यात मी पाणी तपासायचं काम करते, तिथल्या एका बाईंची बदली झाली आणि त्यांची गाडी माझ्याकडे आली. सुरतेच्या उन्हात सात-आठ उन्हाळे उघड्यावर काढलेली गाडी. पुढच्या दोन्ही दारांच्या आतल्या पट्ट्या, काचेच्या बटणांच्या चौकटी आणि एसीच्या जाळीभोवतीचा मधला भाग, या सगळ्यांवरचा मऊ थर वितळून चिकट झाला होता. दार ओढलं की चारही बोटांना डिंक. मागच्या दारांच्या पट्ट्या तेवढ्या धड होत्या, कारण मागे कोणी बसतच नसावं. मी आठवडाभर रुमालाने दार लावत होते आणि रोज एक रुमाल फेकत होते.

"बॉडी बरी शे, आतून रया गयी," असं आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे वडील. आई-आप्पा घरात अहिराणी बोलतात आणि मी मराठी, गुजराती, हिंदी यांतलं जे आधी तोंडात येईल त्यात उत्तर देते.

मी म्हटलं, उधन्याला गाडीच्या रंगाचं दुकान आहे, तिथे मशीनवर शेड जुळवून देतात, टाकून येते.

"मशीनले काय समजस? मना डोया काय फुटनात का?"

झालं. हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला की पुढे बोलायचं नसतं. आप्पांचं उभं आयुष्य पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये गेलं. धुळ्याकडून आलेल्या बाकीच्यांसारखे तेही आधी लूमवर होते, मग रंगखात्यात शिरले आणि शेवटची वीस वर्षं मास्टर. कापडाचा रंग बरोबर उतरला की नाही हे ठरवायचं काम त्यांचं. त्यामुळे आमच्या घरात निळा नावाचा रंगच नव्हता. फिरोजी होता, मोरपंखी होता, रामा होता. पहिलीत असताना बाईंनी पोपटाचा रंग विचारला, मी 'रामा' सांगितलं आणि वर्गात हसं झालं. घरी येऊन रडले तर आप्पा म्हणाले, बाईंचंही चुकलं आणि तुझंही, पोपट मेहंदी असतो.

त्यांच्या कामातली एक रीत मला लहानपणापासून फार आवडायची. मास्टरने पसंत केलेला कापडाचा नमुना कात्रीने मधोमध कापायचा. अर्धा मास्टरच्या वहीत चिकटवायचा, अर्धा रंगाच्या गोदामात द्यायचा. लॉट निघाला की दोन्ही अर्धे शेजारी ठेवून बघायचे. आप्पांच्या वहीत जेवढे तुकडे होते, त्या सगळ्यांचे दुसरे अर्धे एकाच माणसाकडे होते. ते गोदामातले काका. रंग तोलून द्यायचं काम त्यांचं. आमच्याच बाजूचे, चोपड्याकडचे. मला सायकल त्यांनी शिकवली, कारण आप्पांना धीर नव्हता. काकी आणि माझी आई दर उन्हाळ्यात आमच्या अगाशीवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, घालायच्या आणि मी कावळे हाकायचे.

तीन वर्षांपूर्वी ते सगळं थांबलं. एका बदामी लॉटच्या वेळी काका म्हणाले, "मास्टर, ब्लू जास्ती शे." आप्पांनी कारागिरांसमोर त्यांना झटकलं. म्हणाले, तू रंग तोल, बघायचं काम माझं आहे. लॉट गेला आणि व्यापाऱ्याकडून परत आला. आप्पांनी शेठला सांगितलं की माझा डोळा बरोबर होता, गोदामात तोलताना चूक झाली. शेठने आप्पांचं ऐकलं. काकांना गोदामातून उचलून कापडाच्या गाठी बांधायच्या खात्यात टाकलं. काका घरी यायचे बंद झाले. त्यानंतर वर्षभरात आप्पांनीही 'आता बस झालं' म्हणत काम सोडलं, पण आपण बरोबर होतो हे मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. दर चार-दोन महिन्यांनी जेवताना ते काढायचेच, की वीस वर्षं बरोबर राहून त्याने माझ्या डोळ्यावर शंका घेतली. आई अशा वेळी ताटात बघत राहायची.

तर अशा माणसाला मी रंगाच्या दुकानाचा पत्ता सांगत होते.

रविवारी सकाळी आम्ही पट्ट्या काढल्या. मोबाइलवर बघून मी सांगत होते आणि आप्पा उलथन्याला फडकं गुंडाळून ते फटीत घालत होते. खटके तुटू नयेत म्हणून इतक्या हळू, की मला वाटलं दुपार होईल. पण एकही खटका तुटला नाही. स्क्रू त्यांनी आईच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात वाटीवाटीने ठेवले. मोहरीच्या वाटीत डावं दार, हळदीच्या वाटीत उजवं. मागच्या दाराची एक धड पट्टी नमुना म्हणून काढून घेतली. ती अगाशीवर नेऊन, उत्तरेच्या उजेडात रंग खरा दिसतो म्हणून उत्तरेला तोंड करून, त्यांनी बराच वेळ बघितली.

"बदामी," मी म्हटलं.

"हाऊ बदामी नही शे, चिकू शे."

मग मी अंघोळीला गेले, आणि हीच माझी चूक झाली. बाहेर आले तर स्वयंपाकघरात वाफ. गॅसवर आईचं सर्वांत मोठं पातेलं, त्यात धुण्याचा सोडा घातलेलं उकळतं पाणी आणि त्यात माझ्या गाडीच्या पट्ट्या. त्या वर तरंगू नयेत म्हणून वरून वरवंटा.

"आप्पा! हे काय करताय?"

"धुवाबिगर रंग धरस का?"

त्यांचंही खरं होतं. कापड आधी सोड्यात उकळून काढतात, त्यातली खळ आणि तेल गेल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी न उकळलेल्या कशालाही रंग लावला नव्हता. आणि गंमत म्हणजे चिकट थर खरोखरच सुटला. फडक्याने पुसलं की खाली स्वच्छ प्लास्टिक. आप्पांच्या चेहऱ्यावर असा विजय होता की मला ओरडताही येईना. मग त्यांनी वरवंट्याखालची पट्टी काढली. ड्रायव्हरच्या दाराची, सगळ्यांत लांब. ती मधून खाली वाकली होती आणि थंड झाल्यावरही तशीच राहिली.

आप्पांनी ती उलटी केली, सुलटी केली, गुडघ्यावर दाबून पाहिली. मग गंभीरपणे म्हणाले, "कापड कधी वाकस का?"

आई इतकी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. "मनं पातेलं बी गयं," म्हणाली आणि परत हसली. मी चिडले होते. गाडी माझी, पट्टी माझी, आणि नवी पट्टी सहजासहजी मिळणारी नव्हती. पण त्या दोघांना असं हसताना बघून मलाही राग धरवेना. आप्पा म्हणाले, ही नापास पट्टी आता फेकायची नाही, सगळे प्रयोग हिच्यावरच करू.

पुढचे दोन रविवार आमची अगाशी म्हणजे डाइंग खातं झाली. पट्ट्या पाणीपेपरने, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरने, घासल्या, प्लास्टिकवर रंग धरावा म्हणून आधी द्यायचा हात दिला, सावलीत वाळवल्या. आप्पांनी रंगाचे पाच छोटे डबे आणले होते. पांढरा, पिवळा, लाल, काळा, निळा. घरातल्या औषधाच्या सिरिंजने मोजून मिश्रण करायचे आणि प्रत्येक मिश्रण वहीत लिहायचे. एकेक ठिपका नापास पट्टीवर लावायचे, उन्हात पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच नमुन्याशेजारी धरायचे. मी ओल्यातच बघून "जमलं की" म्हटलं, तर रागावले. ओला रंग बघून हो म्हणणारा माणूस त्यांनी खात्यात ठेवला नसता.

मला ते दिवस फार आवडले, हे मी सरळ सांगून टाकते. काम सोडल्यापासून आप्पा घरात पाहुण्यासारखे वावरत. इकडची वस्तू तिकडे करत नसत. आता ते सकाळी उठून आधी आकाश बघायचे, ढग असले तर चिडायचे. मला हुकूम सोडायचे. बनियनवर रंगाचे डाग आणि कानामागे पेन्सिल. लहानपणी मी ज्यांना डबा द्यायला मिलच्या दारात उभी राहायचे, ते आप्पा परत आले होते.

सतरावा ठिपका त्यांनी पास केला. नमुना आणि पट्टी शेजारी धरून, मान तिरकी करून, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "मारो."

मी पाहिलं. मागच्या दाराची पट्टी चिकू होती. नापास पट्टीवरचा सतरावा ठिपका चिकू नव्हता. त्यात निळा होता. थोडाथोडका नाही, जांभळट झाक मारण्याइतका. मी पाणी तपासणारी बाई, रंगातलं मला काय कळतं, म्हणून आईकडे बघितलं. आई शेजारी साड्यांना लेस लावत बसली होती. तिने मान वर केली, ठिपका पाहिला आणि परत सुईत दोरा ओवायला लागली. मला कळलं की तिलाही दिसलंय.

जिन्यात तिला गाठलं, तर म्हणाली, "तूच सांग. मनं नही ऐकतस आप्पा." आणि मग असं काही बोलली की मी पायरीवर बसले. गेल्या तीन वर्षांपासून आप्पा गडद निळ्याला काळा म्हणतात. एका लग्नाला काळी पँट म्हणून निळी घालून निघाले होते, तिने शर्ट बदलायला लावून वेळ मारून नेली. लेसच्या कामातही ते आताशा चुकीची रिळं हातात देतात. त्यांच्या डोळ्यात मोती उतरतोय आणि त्याने निळा दबतोय हे तिने ओळखलं होतं. आणि तो बदामी लॉट परत आला तेव्हाही ओळखलं होतं. पण सांगायचं कसं? सांगितलं तर फक्त डोळा जात नव्हता. बदामीही जात होता, काकाही परत बरोबर ठरत होते.

मी वर जाऊन आप्पांच्या हातात ब्रश दिला. माझ्यासारख्या फटकळ बाईला हे जमलं याचं मलाच नवल वाटतं. आप्पांनी तीन पातळ हात मारले, प्रत्येक हात वाळवून. काम इतकं सफाईचं, की कुठे ओघळ नाही, कुठे खडबड नाही. मसाल्याच्या डब्यातून मोहरीच्या वाटीतले स्क्रू मोहरीच्या जागी गेले, हळदीच्या वाटीतले काही वाटीतच उरले. ड्रायव्हरच्या दाराची जागा तेवढी उघडी राहिली आणि तिथून वायरी दिसत राहिल्या. गाडीचा मागचा भाग चिकू आणि पुढचा जांभळट.

आप्पा माझ्या शेजारी बसले. मधल्या भागावरून हात फिरवला. खूश होते. आणि मग म्हणाले, "त्या दिन ज्याले ब्लू दिसना, त्याले आनी बसाड आठे. म्हनो, देख आते मना डोया."

त्या दिवशी ज्यांना ब्लू जास्त दिसला त्या काकांना आणून बसव म्हणे इथे. त्यांना डोळा दाखवायचाय म्हणे. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "आप्पा, काका बरोबर होते. हा जांभळा झालाय. आईला विचारा. सगळ्यांना दिसतंय, फक्त तुम्हाला दिसत नाहीये."

आप्पा उतरले आणि दार हळूच लावलं. रंग कच्चा असताना दार आपटू नये, म्हणून. त्या हळू लावलेल्या दाराने मला जितकं लागलं तितकं आपटलेल्याने लागलं नसतं.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशीही कामापुरतं. चौथ्या दिवशी भर दुपारी त्यांनी आईचा दोऱ्यांचा डबा उचलला आणि अगाशीवर गेले. मी सुट्टीवर होते. मागोमाग गेले आणि दारात उभी राहिले. त्यांनी सतरंजीवर रिळं ओळीने लावली होती. काळी एका ओळीत, निळी दुसऱ्या, हिरवी तिसऱ्या. कोणाच्या सांगण्यावरून मानणारा माणूसच नव्हे तो. चाचणी घेणार, तीही स्वतःची. लावून झाल्यावर त्यांनी आईला हाक मारली.

"देख."

आई खाली बसली. काळ्या ओळीतून तिने एक रीळ उचललं आणि निळ्या ओळीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं. हिरव्या ओळीतलं एक उचलताना तिचा हात थांबला, तर आप्पाच म्हणाले, "ठेव, ठेव." तिने ठेवलं. आप्पांनी काळी ओळ बोटाने मोजली. काळ्यात तीनच रिळं उरली होती.

"डागदर कोन्ता बरा शे?" त्यांनी मला विचारलं. मला रडू आलं आणि मी मोबाइलमध्ये नंबर शोधायचं नाटक करत पाठ फिरवली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून पाणी नाही. हे सगळं त्यांनी शिस्तीत पाळलं. परवानगी मिळाली त्या सकाळी चहाही न घेता खाली पार्किंगमध्ये गेले. मी किल्ली घेऊन धावले. ते पुढे बसले. डावा डोळा तळहाताने झाकला आणि मधला भाग पाहिला. मग उजवा झाकला आणि परत पाहिला. मग मान वळवून मागच्या दाराची पट्टी पाहिली. असं किती वेळा केलं, मोजलं नाही.

"हाऊ रंग मी लावा?"

"हो आप्पा. पण हात सुरेख मारलाय," मी म्हटलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"नापास पट्टी कथी शे?"

डिकीत होती, नमुन्याच्या पट्टीबरोबर. दोन्ही काढून दिल्या. वाकडी मांडीवर घेऊन त्यांनी सतराव्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"चाल. पलसाणा."

चलथाणच्या फाट्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो, तरी मी हॉर्न वाजवला नाही. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांचं त्यांना जुळवू द्यावं, असं वाटलं. मिलच्या दारावरचा पहारेकरी नवा होता, त्याने आप्पांना ओळखलं नाही. आप्पांनी काकांचं नाव सांगितलं आणि बाहेर, भिंतीच्या सावलीत उभे राहिले. हातात माझ्या गाडीच्या दोन पट्ट्या, एक धड आणि एक वाकडी. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

काका आले. केस पांढरे झाले होते आणि सुतळीने बोटांना चरे पडले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मोठी व्हयी गयी वं माय." आप्पांनी वाटेत जुळवलेलं सगळं गेलं असावं. त्यांनी आधी मागच्या दाराची नमुना पट्टी पुढे केली, मग वाकडी. कापडाचे दोन तुकडे शेजारी धरतात तशा.

काकांनी दोन्ही घेतल्या. सवयीनेच सावलीतून चार पावलं बाहेर आले, उत्तरेला तोंड केलं आणि बघितलं. घाई केली नाही. आत मशीन चालू होतं आणि गटारातून त्या दिवशीच्या लॉटचं राणी रंगाचं पाणी वाहत होतं.

"मास्टर," ते म्हणाले, "ब्लू जास्ती शे."

"शे," आप्पा म्हणाले. "त्या दिन बी व्हता."

काकांनी नमुन्याची पट्टी माझ्या हातात दिली. मग वाकडी गुडघ्यावर धरली आणि मधोमध, जिथे ती वाकली होती तिथेच, कडकन मोडली. अर्धी स्वतःच्या खिशात खोचली आणि अर्धी आप्पांच्या हातात दिली.